बेसमेंटमधलं पथ्यपाणी

आमच्या घरात झाडांचं खातं बायकोकडे. माझ्याकडे गाड्या, गवत कापणं, बर्फ उपसणं आणि आठवण झाली की फर्नेसचा फिल्टर बदलणं. पोटापाण्यासाठी मी गाड्यांची इंजिनं थंड कशी ठेवायची याचं काम करतो. मिशिगनमध्ये त्यासाठी माणूस कशाला लागतो, गाडी नुसती अंगणात उभी करायची, असं माझे मेहुणे मला प्रत्येक भेटीत ऐकवतात. सांगायचा मुद्दा हा, की घरातल्या सजीव वस्तूंपैकी एकही कधी माझ्या ताब्यात नव्हती. मुलगीसुद्धा बायकोनेच वाढवली. मी फक्त तिला स्विमिंगला सोडायचो आणि परत आणायचो.

गेल्या पानगळीत बायकोच्या पोटातली एक गाठ काढली आणि थोड्या दिवसांनी केमो सुरू झाली. डॉक्टरबाई मोकळ्या बोलणाऱ्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, औषधाचं आम्ही बघू, वजनाचं तुम्ही बघा. वजन फार उतरलं तर पुढचा डोस ढकलावा लागतो, आणि डोस ढकललेला मला आवडत नाही. हे शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून बोलल्या. मी मान डोलावली. वजन सांभाळणं म्हणजे खाऊ घालणं, आणि खाऊ घालणं म्हणजे काय मोठं, असं तेव्हा वाटलं.

तिला अन्नाचा वास सहन होईना. फोडणीचा तर अजिबातच नाही. म्हणून मी कॅम्पिंगचा स्टोव्ह गॅरेजमध्ये मांडला. गॅरेजचं दार अर्धं उघडं, अंगात जाड जॅकेट, डोक्यावर कानटोपी, आणि मी बर्फाकडे बघत वरणाला फोडणी देतोय. मोहरी तडतडली की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायचा. मग ते पातेलं झाकून, पदराखाली लपवल्यासारखं घरात आणायचं, वाटीत काढायचं आणि तिच्यासमोर उभं राहायचं.

मी ज्या घरात वाढलो तिथे पाहुण्याने नको म्हणणं ही नुसती सुरुवात असायची. खरं जेवण त्याच्यानंतर. पानावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून वाढायचं, ही आमच्याकडची पद्धत. मला दुसरी येतच नाही.

"एवढाच घास."

"नको."

"बरं, अर्धा."

"अहो, मी तुमच्याकडे सवाष्ण म्हणून जेवायला आले नाहीये. उद्या दक्षिणा पण द्याल."

"देतो की. खा आधी."

ती घास तोंडात घ्यायची, बराच वेळ तसाच ठेवायची, आणि मग उठून बाथरूमकडे जायची. मी वाटी घेऊन तिथेच उभा.

उलटीच्या गोळ्यांनी उलटी कमी झाली, भूक काही आली नाही. तेव्हा डॉक्टरबाईंनी स्वतःहून गांजाचा विषय काढला. काहींना भूक लागायला उपयोग होतो, काहींना काहीच होत नाही. घेतलंत तर मला सांगून घ्या, थोडं घ्या, आणि धूर नको. आमच्याकडे हे कायदेशीर आहे. हायवेलगत दुकानं आहेत, सोनाराच्या दुकानासारखी लख्ख. तरी मी गाडी शेजारच्या टायरच्या दुकानासमोर उभी केली आणि चालत गेलो. इथल्या मराठी मंडळाचं कोणी दिसलं असतं तर टायर बघायला आलो होतो.

तिथून जेलीच्या लालभडक गोळ्या आणल्या. बायकोने डबी उघडली, नाकाजवळ नेली आणि तिथेच मिटली.

"स्ट्रॉबेरी. डेंटिस्टकडे दातांना फासतात त्याचा वास आहे हा. मला नको दुकानातलं. घरचं काही असेल तर बघू."

घरचं. या बाईने इतकी वर्षं अमेरिकेत राहून कधी विकतचा गोडा मसाला घेतला नाही, विकतची भाजणी घेतली नाही. दिवाळीत कोणी दुकानातली चकली आणली तर ती मुलांना वाटून टाकते. तिने हे वाक्य विषय संपवायला म्हटलं असेल. मी मात्र खोलीबाहेर जाऊन लगेच मुलीला फोन लावला.

मुलगी ग्रँड रॅपिड्सला शाळेत संगीत शिकवते. तिची एक मैत्रीण घरात ही झाडं वाढवते. घरात काही रोपं लावायला कायद्याची हरकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. शनिवारी मुलगी आली ती शेजारच्या सीटवर चांगलं गुडघाभर उंचीचं झाड ठेवून, त्याला सीटबेल्ट लावून. सोबत काळ्या कापडाचा एक कपाटाएवढा तंबू, दिवा, पंखा, खताच्या दोन बाटल्या. बेसमेंटमध्ये ट्रेडमिल आणि गणपतीच्या मखराचे खोके यांच्यामध्ये तिने तो तंबू उभा केला. वरच्या जिन्यात बायको शाल गुंडाळून बसली होती.

"बाबा, ही फीमेल आहे. ओन्ली फीमेल्स ठेवतात."

"आणि मेल?"

"फेकून देतात. नो यूज."

जिन्यातून आवाज आला, "चला, कुठेतरी न्याय आहे."

मुलीने मला सगळं समजावलं. एक बाटली झाडाने अंग धरावं म्हणून, दुसरी नंतर फुलं धरावीत म्हणून. "बाटलीवर लिहिलंय त्याच्या हाफ दे, बाबा. हाफपेक्षा कमीच. माती सुकली की पाणी, नाहीतर नाही. आणि बाकी काही करू नकोस. आय मीन इट. डू नथिंग."

"नथिंग म्हणजे?"

"नथिंग म्हणजे नथिंग!"

ती गेली. मी तंबूची चेन उघडून आत बघितलं. पंख्याच्या वाऱ्यावर झाड मान डोलवत होतं. मलाही जरा बरं वाटलं. घरात कोणाचं तरी वजन वाढणार होतं.

सुरुवातीला मी सांगितल्याप्रमाणे वागलो. मग एका सकाळी खालची दोन पानं पिवळी दिसली. खालची जुनी पानं पिवळी पडून गळतात, त्यात काही विशेष नसतं, हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला दिसलं ते एवढंच, की हिला खायला कमी पडतंय. अर्धं माप मी पूर्ण केलं. पानं गडद हिरवी झाली. इतकी गडद, की जवळजवळ काळी. मला वाटलं, वा, अंग धरतंय. आणखी थोडं वाढवलं. मग पानांची टोकं खाली वळायला लागली, पक्ष्याच्या नख्यांसारखी, आणि कडा तपकिरी झाल्या, पापड भाजताना जरा लक्ष चुकलं की होतात तशा. मान टाकलेलं, कडांना वाळलेलं झाड बघून कोणाच्याही मनात जे येईल तेच माझ्या मनात आलं. हिला भूक लागली आहे.

बायको वरून विचारायची, "खालच्या लेकीचं झालं का जेवण?"

"झालं. तू काय खातेस?"

"तिचंच करा कौतुक. ती नाही म्हणत नाही."

अर्धा आठवडा मी बघत राहिलो. झाड दिवसेंदिवस जास्तच दुःखी दिसायला लागलं. मुलीला फोटो पाठवावा असं वाटलं, पण तिने नथिंग सांगितलं होतं आणि मी नथिंग केलं नव्हतं. म्हणून मी स्वतःचं डोकं चालवलं. बायकोचा कढीपत्ता. कुंडीतलं ते झाड मिशिगनचे कितीतरी हिवाळे खिडकीत काढून अजून जिवंत आहे. अर्ध्या मंडळाच्या आमटीत त्याचीच पानं असतात. आणि त्याचं रहस्य सगळ्यांना माहीत आहे: आंबट ताक. मी फ्रिजमधून चांगलं तीन दिवसांचं आंबट ताक काढलं आणि झाडाला पोटभर पाजलं. दुसऱ्या दिवशी थोडं आणखी. ते पांढरं, घट्ट ताक मातीत जिरेना, वर साय धरून बसलं, तरी मी आशावादी होतो.

आता बेसमेंटची रचना सांगायला हवी. आमचा फर्नेस तिथेच, तंबूपासून हातभर अंतरावर. तो खालची हवा ओढतो, गरम करतो आणि जमिनीतल्या जाळ्यांतून साऱ्या घरात सोडतो. हे मी नोकरीत दुसऱ्यांना शिकवतो. हवा कुठून येते, कुठे जाते, यावर माझं पोट चालतं.

पलीकडच्या गल्लीतल्या वहिनी डबा घेऊन आल्या त्या दिवशी बाहेर कडाक्याची थंडी होती, त्यामुळे फर्नेस अखंड चालू. झाडाला तोवर फुलं धरायला लागली होती, आणि या झाडाच्या फुलांचा वास ज्याने घेतला आहे त्याला सांगायला नको. त्यात नासलेलं ताक. वहिनी सोफ्यावर बसल्या, नेमक्या जाळीच्या शेजारी. दोन मिनिटं तब्येतीचं बोलल्या आणि थांबल्या.

"भाऊजी, राग मानू नका. पण खाली काहीतरी मेलंय का?"

"स्कंक," मी म्हणालो. घाण वासाचा फवारा सोडणारं इथलं मांजराएवढं जनावर. "स्कंक शिरला असावा. डेकखाली."

"अगं बाई! आणि हे आंबट कसलं?"

"तोच," मी म्हणालो. "आजारी असेल."

बायको हसायला लागली. बऱ्याच दिवसांत असं मनापासून हसली नव्हती. उशी तोंडावर दाबून, खांदे हलवत. "आजारी स्कंक," ती म्हणाली. वहिनीही हसल्या, त्यांना कशाला ते माहीत नव्हतं. मलाही हसू आलं. आणि तिचं हसणं हसतानाच बदललं. ती उठली, भिंत धरत बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. वहिनींनी डबा टेबलावर ठेवला, पायात बूट चढवले. दारात माझा हात धरला आणि म्हणाल्या, "पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा हो. अशा वासात ती काय खाणार?"

त्या दिवशी तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी फर्नेस बंद करून बघितला तर घर गारठलं. चालू केला की वास. खिडक्या उघडल्या, ती कुडकुडायला लागली. तिला भूक लागावी म्हणून आणलेल्या झाडाने तिची होती नव्हती ती भूकही घालवली, आणि त्या झाडाचा वास खोलीखोलीत पोचवायची व्यवस्था माझ्याच हद्दीतली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती बेसमेंटमध्ये आली. एक पायरी, विश्रांती, एक पायरी. नाकावर ओढणी. मी तंबूसमोर हतबल उभा होतो. कुंडीवर चिलटं घोंगावत होती.

"काय काय घातलंत हिला?"

मी सांगितलं. ताकावर आलो तेव्हा तिने ट्रेडमिलच्या कडेवर बसून घेतलं.

"ताक?"

"तू कढीपत्त्याला घालतेस ना."

"कढीपत्त्याला घालते! उन्हाळ्यात, बाहेर अंगणात, पाण्यासारखं पातळ करून, वाटीभर! कोंडलेल्या खोलीत तांब्या नाही ओतत कोणी. आणि रोज कोण ताक घालतं? लस्सीचं दुकान आहे का?"

"सुकत चाललं होतं गं."

"फोन लावा तिला."

व्हिडिओवर मुलीने झाड बघितलं, फोन मातीजवळ धरायला लावला. मग म्हणाली, "बाबा, हे लॉकआउट आहे. तू इतकं दिलंस ना, की मातीत सॉल्ट्स साचलेत. आणि ताकाने सगळं अ‍ॅसिडिक झालंय. फूड आहे, खूप आहे, पण रूट्स घेऊच शकत नाहीत. शी'ज स्टार्व्हिंग. तू अजून दिलंस तर अजून स्टार्व्ह होईल."

फोन ठेवल्यावरही बायको त्या झाडाकडेच बघत होती.

"समोर अन्न आहे आणि आत जात नाहीये," ती म्हणाली. "मी दोन महिने हेच सांगतेय. तुम्हाला कळायला झाड लागलं."

मी तिला हाताला धरून वर पोचवलं, परत खाली आलो, कुंडी कपडे धुण्याच्या सिंकमध्ये ठेवली आणि तिच्यातून साधं पाणी जाऊ दिलं. आधी दुधट, मग चहासारखं, मग बऱ्याच वेळाने स्वच्छ. वरची माती खरवडून काढली. त्यानंतर मी फक्त पाणी दिलं, तेही मातीत बोट खुपसून, कोरडी लागली तरच. मुलीने कोळशाचा फिल्टर पाठवला, तो पंख्याला जोडला. वास खालीच राहायला लागला. झाडाने नवी पानं सरळ काढली. जळलेली होती ती तशीच राहिली.

वरही मी सुधारलो. घास पुढे करणं बंद केलं. वाटी टेबलावर ठेवायची आणि आपण दुसऱ्या खोलीत जायचं. मला वाटलं, आता कळलं आहे तर आता सुटेल. पण वाटी तशीच राहायची. मी आग्रह केला तरी ती खात नव्हती आणि नाही केला तरी खात नव्हती. फरक एवढाच, की आता आमची भांडणं होत नव्हती, आणि मला त्या भांडणांचीही थोडी सवय झाली होती. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तेव्हा तिने त्या काढून ठेवल्या. मी बघितलं नाही असं दाखवलं.

फुलं आली, बेताचीच, बोटभर लांब. कापायची वेळ मुलीने फोनवरून सांगितली. कापून, उलटी टांगून, सावकाश सुकवायची, फांदी वाकवली की मोडायला हवी, वाकायला नको, असं तिने दोनदा बजावलं. पण पुढच्या डोसची तारीख जवळ आली होती, त्याआधी वजन बघणार होते. मी फांदी वाकवून बघितली. वाकली. थोडीशी मोडलीही, असं मला वाटलं. मी ती फुलं लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत भरली, झाकण घट्ट लावलं आणि बरणी फडताळात ठेवली.

मुलगी आली, तिने झाकण उघडलं आणि नाक वर केलं. मग दिव्याखाली धरून दाखवलं. फुलांच्या आतल्या बाजूला पांढरट, कापसासारखी बुरशी.

"नाही, बाबा. हे आईला अजिबात नाही द्यायचं. तिची इम्युनिटी डाऊन आहे. डेंजरस आहे हे."

"वरचं काढून टाकलं तर?"

"बाबा."

बरणीसकट पिशवीत बांधलं आणि कचऱ्यात टाकलं. आत येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं, ती काहीतरी टोमणा मारेल. तिने फक्त पाय जवळ घेऊन मला पलंगावर जागा केली.

"जाऊ दे हो. मी ते खाल्लं असतं की नाही, मलाच माहीत नव्हतं."

"मग घरचं असेल तर बघू, असं का म्हणालीस?"

"तुम्ही सारखे वाटी घेऊन समोर उभे असायचात. म्हटलं, खाली तरी जाल थोडा वेळ."

ती गालात हसत होती. इतके आठवडे मी तिच्यासाठी बेसमेंटमध्ये राबत होतो आणि तिला माझा उपयोग होत होता तो एवढाच, की मी बेसमेंटमध्ये होतो.

"बरं वाटायचं का? मी नसताना?"

"शांत वाटायचं," ती म्हणाली. मग माझ्या हातावर हात ठेवून, "पण खाली खुडबुड ऐकू आली पाहिजे. तीही थांबली की भीती वाटायची."

वजनाच्या काट्यावर ती स्वेटर घालूनच उभी राहिली. नर्सने तो काढायला सांगितला नाही, तरीही आकडा डॉक्टरबाईंना आवडला नाही. त्यांनी रक्ताचे रिपोर्ट बघितले, तिच्या मनगटाला हात लावला आणि डोस पुढे ढकलला. शरीराला जरा दम खाऊ दे, म्हणाल्या. ढकललेलं मला आवडत नाही, हे वाक्य त्या या वेळी बोलल्या नाहीत, आणि त्या बोलल्या नाहीत याचीच मला जास्त धास्ती वाटली. जी एक गोष्ट टाळायला आम्ही धडपडत होतो, तीच झाली होती.

त्यानंतरचे दिवस मी ऑफिसचं काम घरून केलं आणि काम म्हणून स्क्रीनकडे बघत बसलो. आत, तिच्या पोटात, काय चाललं असेल याचा विचार करायचा नाही असं ठरवून तोच विचार करत होतो. मग एका दुपारी रक्त तपासून परत येताना, हायवेवरून उतरल्यावर तिने अचानक काचेवर बोट ठेवलं.

"त्या लेनमध्ये घ्या."

"कुठे?"

"तिथे. फ्राइजचा वास येतोय."

काचा बंद होत्या. मला कसलाही वास येत नव्हता. मी गाडी बर्गरच्या दुकानाबाहेरच्या गाड्यांच्या रांगेत वळवली, दुकानाच्या खिडकीतून कागदी पुडा घेतला आणि तिच्या हातात दिला. पार्किंगमध्ये, गाडी चालू ठेवून, तिने एक फ्राय तोंडात घातली. मी समोर बर्फाच्या ढिगाकडे बघत राहिलो. दुसरी घातली. मग दोन एकदम. बोटं चाटली. मीठ तिच्या शालीवर सांडत होतं. हिने असं चवीने काही खाल्लेलं मी किती दिवसांत बघितलं नव्हतं, आणि ती का खाऊ शकत होती तेही मला पक्कं माहीत होतं. औषध थांबलं होतं म्हणून. जेवढी भूक आज लागली तेवढं औषध तिच्या अंगातून गेलं, आणि औषध ज्याच्यासाठी होतं त्यालाही तेवढीच मोकळीक मिळाली असेल. मी आनंद मानायचा की घाबरायचं, हे मला सांगणारं कोणी त्या गाडीत नव्हतं.

"तुम्ही घ्या ना," ती म्हणाली.

"नको, तू खा."

"असे काय बसलात? घ्या. एक तरी."

"खरंच नको."

"अर्धी?" तिने फ्राय माझ्या तोंडासमोर धरली, आणि मी तोंड उघडलं.

पुडा रिकामा झाला. तिने तो नीट घडी करून मांडीवर ठेवला, आरशात बघून ओठ पुसले.

"अजून एक घेऊ या?"

मी गिअर टाकला आणि परत रांगेत जाऊन उभा राहिलो.